परसातला दौरा

उस्तादाने आयुष्यात काय म्हणून बांधलं नव्हतं? राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, दीपगृह बांधलं. एकदा तर दोन मजली हॉटेल बांधलं, आणि त्याच्या जिन्यावरून रोज संध्याकाळी एक जाडजूड नट गडगडत खाली यायचा, तरी त्या जिन्याने कधी हूं की चूं केलं नाही. फक्त ह्या सगळ्या इमारती दुपारी उभ्या राहायच्या आणि प्रेक्षक घरी पोचून चपला काढतायत न काढतायत तोवर ट्रकमध्ये चढलेल्या असायच्या. उस्ताद एका फिरत्या नाटक कंपनीचा सुतार होता. सेट तोच करायचा, तोच लावायचा, तोच उतरवायचा. कंपनीतले सगळे त्याला उस्ताद म्हणत आणि त्यालाही ते मनापासून पटलेलं होतं.

"माझा सेट आजवर पडलेला नाही," हे वाक्य तो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवायचा. आणि ते खरं होतं, त्यामुळे कोणाला काही बोलताही यायचं नाही.

आता ह्यात एक मेख होती. नाट्यगृहाची जमीन कंपनीच्या मालकीची नसते. तिच्यात कोणी खिळा ठोकलेला दिसला की तिथला राखणदार असा अंगावर येतो, जणू खिळा त्याच्याच तळपायात गेलाय. म्हणून फिरतीवरचा सेट जमिनीत काही रोवत नाही. मागून तिरपा टेकू द्यायचा, टेकूच्या पायावर लोखंडी वजन ठेवायचं, की झालं. उस्तादाकडे स्वतःची वजनं होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने ती कारखान्यातून मुद्दाम ओतून घेतली होती. विटेच्या आकाराची, वर मूठ असलेली, एका हाताने एक उचलावं आणि चार पावलांत उचलल्याचा पश्चात्ताप व्हावा अशी. इतक्या वर्षांत मुठी हाताळून गुळगुळीत झाल्या होत्या. बायको म्हणायची, हे दौऱ्यावरून घरी फोन करतात आठवड्यातून एकदा, पण वजनं मात्र रोज मोजतात.

बायकोचा जन्म गेला रोपवाटिकेत. रोपं वाढवायची, विकायची, लोकांच्या बागांत जाऊन लावून द्यायची. घराच्या मागच्या अंगणाचा इंच न् इंच तिने झाडांनी भरून काढला होता. मधोमध मात्र गवताचा एक गोल तुकडा मोकळा ठेवला होता. तिथे तिने कधी एक रोपटंसुद्धा लावलं नाही. लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हाच तिने उस्तादाला ती जागा दाखवली होती आणि सांगितलं होतं की इथे बसायला काहीतरी करा, वर छप्पर आणि चारी बाजूंनी मोकळं, संध्याकाळी दोघांनी बसायला. उस्ताद म्हणाला होता, त्यात काय, डाव्या हाताचा मळ आहे, एवढा दौरा संपू दे.

दौरा संपला, आणि दुसरा लागला. मुलगी झाली तेव्हा हा कुठल्याशा गावी राजवाडा उभा करत होता. मुलगी शिकली, लग्न करून दुसरीकडे गेली, आणि गवताचा गोल तुकडा जसाच्या तसा राहिला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान घरी वाट बघणारी बायको नसते.

त्या वर्षी दौरा संपवून उस्ताद घरी आला आणि जेवताना त्याने जाहीर केलं की आता बस, दौरे बंद. बायको "बरं" म्हणाली आणि तिने त्याला आणखी भात वाढला. तिच्या "बरं"मध्ये फारसा दम नव्हता, कारण हीच घोषणा तिने आधी तीनदा ऐकलेली होती. दरवेळी मॅनेजरचा फोन यायचा, नवं नाटक असायचं, उस्ताद दोन दिवस घरात येरझाऱ्या घालायचा, आणि तिसऱ्या दिवशी ती मुकाट्याने कपाटावरची बॅग काढून त्याचे कपडे भरायला घ्यायची. तिने कधी अडवलं नाही, आणि तिने अडवलं नाही म्हणजे तिला चालतं, अशी त्याने आपली समजूत करून घेतली होती. ती समजूत फार सोयीची होती.

ह्याही वेळी मॅनेजरचा फोन आलाच. उस्ताद फोन घेऊन बाहेरच्या पायरीवर गेला, बराच वेळ हं हं करत राहिला आणि शेवटी म्हणाला, "शनिवारी सांगतो." आत आला तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"ह्या वेळी तुमची बॅग मी भरणार नाही," ती म्हणाली. "जायचं असेल तर जा, पण बॅग तुम्हीच भरा. माझ्याच्याने आता होत नाही."

एवढ्या वर्षांत ती असं पहिल्यांदाच बोलली होती. उस्तादाला ते चांगलंच लागलं. जातोय कोण, असं तो तोऱ्यात म्हणाला, आणि विश्वास बसत नसेल तर बघच, शनिवारच्या आत तुझा गझीबो उभा करून दाखवतो. त्या वस्तूला गझीबो म्हणतात हे त्याला एका इंग्रजी नाटकाच्या सेटमुळे माहीत होतं. बायको म्हणाली, नाव काहीही द्या, बसता आलं म्हणजे झालं.

मग काय विचारता! गॅरेजमधली गाडी रस्त्यावर गेली आणि गॅरेजात करवत सुरू झाली. शेजारी एक दंतवैद्य राहायचे. त्यांनी कुंपणावरून मान वर काढून तयार गझीबोचं छापील पत्रक पुढे केलं. त्यात म्हणे सगळे तुकडे खोक्यातून येतात आणि सोबत सूचनाही असतात. उस्तादाने ते पत्रक दोन बोटांत धरून परत दिलं. सूचना वाचून बांधणारे वेगळे आणि ज्यांचं बघून सूचना लिहितात ते वेगळे, असं तो म्हणाला. डॉक्टरांनी मान पुन्हा खाली घेतली.

खरं सांगायचं तर कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. सहा खांब, सहा बाजू, वर सहा फाकांचं उतरतं छप्पर. कोन असे बिनचूक की दोन फाका शेजारी ठेवल्या तर मधून केस जाऊ नये. बाजू एकमेकींना जोडायला त्याने सेटला लावतात तशी पिनेची बिजागरी वापरली: पीन वरून सरकवली की बाजू घट्ट, पीन ओढली की सुटी. प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातला. साधं पांढरं लाकूड होतं, त्यावर ब्रशने असे रेषांचे फराटे मारले की कोणीही जुनं सागवान म्हणून हात फिरवावा. आणि छपराच्या कडेखाली त्याने रंगाने झकासपैकी सावली काढली. रंगमंचावर समोरचे दिवे सगळ्या सावल्या खाऊन टाकतात, म्हणून तिथे त्या काढाव्याच लागतात. परसात सूर्य स्वतःची सावली घेऊन येतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. नंतर ऊन कललं की गझीबोवर दोन सावल्या पडायच्या, एक इकडे आणि एक तिकडे. डॉक्टरांनी एकदा विचारलंही की तुमच्याकडे दोन सूर्य उगवतात का.

बुधवारी बायको रोपवाटिकेत कोणाला तरी मदत करायला गेली होती. ती परत आली तर गवताच्या गोलावर गझीबो उभा. उस्ताद कमरेवर हात ठेवून शेजारी असा उभा होता, जणू पडदा वर गेलाय आणि टाळ्या यायच्या बाकी आहेत.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसायचा मात्र देखणा, यात वाद नाही. बायको खिडकीतून बघत राहिली आणि तिचा चेहरा उजळला. मग ती बाहेर आली आणि सावकाश चारी बाजूंनी फिरली. मागची बाजू कोरीच होती. आत पाऊल टाकलं तर आतूनही सगळ्या बाजू कोऱ्या, कच्च्या पट्ट्या दिसणाऱ्या, टेकूंचे पाय पसरलेले. प्रेक्षक जिकडे बसतात तिकडची बाजू रंगवायची ही उस्तादाची आयुष्यभराची शिस्त, आणि इथे प्रेक्षक आत बसणार होते. बायको खाली वाकली आणि टेकूंच्या पायांवर मांडून ठेवलेली लोखंडी वजनं तिने एकेक करून पाहिली.

खांबांचे खड्डे कुठे आहेत, असं तिने विचारलं. उस्तादाने समजावलं की खड्ड्याची गरजच नाही, हीच तर खुबी आहे. वारा आला तर, असं तिने विचारलं. माझा सेट आजवर पडलेला नाही, असं त्याने सांगितलं.

"हा काढायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"चहा उकळेपर्यंत," उस्ताद म्हणाला, आणि त्याची छाती फुगली. "पिना ओढल्या की सहाही बाजू सुट्या. एकटा माणूस उतरवतो, कोणाची मदत लागत नाही."



"मी बसायला जागा मागितली होती," ती म्हणाली. "तुम्ही परसातसुद्धा दौराच उभा केलात."

ती आत गेली. त्या संध्याकाळी तिने दोन कप चहा केला आणि आपला कप घेऊन ती नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली. उस्ताद आपला कप घेऊन गझीबोत बसला. दोघांमध्ये बारा-पंधरा पावलांचं अंतर होतं. उस्ताद मनातल्या मनात खूप भांडला. एवढं केलं त्याचं काही नाही, वर खड्डे काढत बसली आहे, माळ्याला जिथे तिथे खड्डेच दिसणार. पण भांडणात त्याला काही केल्या रंग भरेना.

गुरुवारी दुपारी वारा सुटला. नुकतंच झाडांना पाणी घालून झालं होतं आणि गवत ओलं होतं. आधी झाडं सळसळली, मग डॉक्टरांच्या दोरीवरचे कपडे आडवे झाले, आणि मग वाऱ्याने छपराखाली शिरून गझीबोला खालून असं उचललं, जणू कोणी काखेत हात घालून म्हाताऱ्याला खुर्चीतून उठवतंय. उस्ताद खिडकीत उभा होता. बायको त्याच्या मागे येऊन थांबली. रंगमंचावर सगळं असतं, वीज असते, पाऊस असतो, पण वारा कधी नसतो, आणि असला तर पंख्याचा असतो.

गझीबो पडला नाही. तेवढी उस्तादाची इज्जत राखून तो चालायला लागला. ताठ मानेने, सहाही खांबांवर, टेकूंच्या पायांवरची वजनं गवतावर एकेक करून सांडत, तो अंगण ओलांडून निघाला. वाटेत त्याने बायकोच्या दोन कुंड्या बाजूला सारल्या. डॉक्टरांचं कुंपण मोडून त्याने एक पाय त्यांच्या गुलाबाच्या वाफ्यात टाकला आणि तिथे तो थांबला.

उस्तादाचं तोंड उघडंच राहिलं होतं. जराशाने तो एवढंच म्हणाला की एक सांधा सुटला असेल तर शपथ. त्यावर बायकोला जे हसू फुटलं ते आवरेना. तिने ओट्याला धरलं, डोळे पुसले, पुन्हा खिडकीतून बघितलं आणि पुन्हा हसली. पहिल्यांदा उस्तादाला राग आला, आणि मग कुंपणापलीकडून डॉक्टरांची मान हळूच वर आली तशी त्यालाही हसू आलं.

वारा पडल्यावर दोघं पुरुष गझीबो परत आणायला गेले. डॉक्टर भले गृहस्थ, त्यांनी गुलाबाचं नावही काढलं नाही. उस्तादाने सवयीने पिना ओढल्या, बाजू एकावर एक रचल्या, छपराच्या फाका उतरवल्या. हातांना काही विचारावं लागत नव्हतं.

"वा! काय पटकन निघतो हो हा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या स्वरात निव्वळ कौतुक होतं. "म्हणजे उद्या घर सोडून जायचं झालं तरी अडचण नाही."

आयुष्यभर ज्या स्तुतीवर उस्ताद जगला होता, तीच आता त्याला काट्यासारखी लागली. हातातली पीन हातातच राहिली. तोंडाने तो बायकोला राहतो म्हणाला होता, आणि हातांनी जातो म्हणून सांगून ठेवलं होतं. मॅनेजरला त्याने नाही म्हटलं नव्हतं, शनिवारी सांगतो म्हटलं होतं. ती बाई रोपवाटिकेत मातीत हात घालून जन्म काढलेली, तिला खालची वजनं बघताच सगळं कळलं. आपण बांधणारे, आणि आपल्याला कळलं नाही. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. डॉक्टरांना वाटलं कुंपणाचं वाईट वाटतंय, म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

शुक्रवारी सकाळी चहा व्हायच्या आतच उस्ताद बायकोकडे आला आणि म्हणाला की तुझी कुदळ दे. बायकोने कारण विचारलं नाही. तिने कुदळ दिली, पहार दिली, आणि पायांत बूट घालून त्याच्या मागोमाग गवतात आली. उस्तादाने मोठ्या जोरात पहिला घाव घातला आणि कुदळ दगडावर आपटून त्याच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसरा घाव घातला तर गवताची चकती उडून त्याच्याच अंगावर आली. इतक्या इमारती बांधलेल्या माणसाने आयुष्यात एकही खड्डा खणला नव्हता, हे आता दोघांच्याही ध्यानात आलं.

मग सूत्रं बायकोकडे गेली. आधी गवत सोलून बाजूला ठेवा, ते पुन्हा लावायचं आहे. वरची काळी माती एकीकडे, खालची दुसरीकडे. कडा सरळ खाली घ्या, वाटीसारखा खड्डा काय कामाचा. उस्ताद आयुष्यभर हुकूम सोडत आला होता. आज त्याने हुकूम ऐकले, आणि चौथ्या खड्ड्यापर्यंत त्याला कुदळीची लय सापडली. पाचवा त्याने एकट्याने खणला आणि उगाचच कडेला ओळंबा लावून बघितला. कडा सरळ निघाली तेव्हा त्याने बायकोकडे बघितलं, आणि तिने मान हलवली. त्याला फार बरं वाटलं.

सहावा खड्डा झाला आणि मॅनेजरचा फोन आला. उस्तादाने मातीच्या हातानेच तो घेतला. मॅनेजर म्हणत होता की शनिवारी ट्रक तुमच्याच बाजूने जातोय, तुम्ही येणार हे धरूनच चाललोय, आणि येताना तुमची ती वजनं घ्याच, तसली वजनं आता कोणी ओतत नाही.

"पाठवा ट्रक," उस्ताद म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बायकोने हातातली पहार गवतावर आडवी ठेवली. बूट पायरीवर काढून ती आत गेली आणि दार तिने हळूच लावलं. ती दार आपटती तर उस्तादाला सोपं गेलं असतं.

तो गॅरेजमध्ये गेला आणि काल गोळा करून ठेवलेल्या वजनांतली दोन दोन्ही हातांत घेऊन आला. ती ठेवून पुन्हा गेला, पुन्हा दोन आणली. असं करत त्याने सगळी वजनं खड्ड्यांच्या काठावर आणून मांडली. मग गुडघ्यावर बसून त्याने एकेक वजन खड्ड्यात उतरवलं, प्रत्येक खड्ड्यात दोन, मुठी वर. खांबांना लावायच्या लोखंडी पट्ट्या त्याने त्या मुठींतून ओवल्या आणि वरून बोल्टने आवळल्या. मग घमेल्यात सिमेंट, वाळू आणि खडी घेऊन फावड्याने कालवायला लागला.

दार उघडलं. बायको अनवाणीच गवतातून आली आणि तिने खड्ड्यात डोकावून बघितलं. एका खड्ड्यात बघितलं, दुसऱ्या खड्ड्यात बघितलं.

"अहो, ट्रक उद्या येतोय ना?" ती म्हणाली.

"येऊ दे की. न्यायची ताकद असेल तर नेऊ दे."

तिने नळाला रबरी पाइप लावला आणि घमेल्यात हवं तेवढं पाणी सोडत उभी राहिली. पाच खड्डे भरले. सहाव्याशी उस्ताद जरा थबकला आणि खड्ड्यात हात घालून त्याने वजनाच्या मुठीवर अंगठा फिरवला. बायकोला ते दिसलं. तीच म्हणाली की एखादं ठेवा वर आठवणीला, दाराला अडसर म्हणून होईल.

"नको," उस्ताद म्हणाला. "एक ठेवलं तर त्याच्यासाठी टेकू करीन, आणि टेकूसाठी सेट." आणि त्याने घमेलं उपडं केलं.

मग खांब त्या पट्ट्यांना आवळून सगळं पुन्हा जोडलं गेलं. ह्या वेळी बिजागऱ्यांच्या पिना घातल्यावर त्याने त्यांची दोन्ही टोकं हातोडीने ठोकून चपटी केली. खडूचे आकडे ओल्या फडक्याने पुसले. आतली बाजू त्याने खरोखरीच्या तेलाने चोळली, रंगाचं सागवान तिथे काढलं नाही. पांढरं लाकूड पांढरं दिसलं तर काय बिघडलं, असं तो स्वतःशीच म्हणाला. खोटी सावली मात्र तशीच ठेवली. ती बायकोला आवडायला लागली होती.

शनिवारी दुपारी ट्रक आला. मॅनेजर खाली उतरला, घराला वळसा घालून परसात आला आणि गझीबो बघून त्याने टोपी काढली. उस्तादाने त्याला गझीबोतल्या खुर्चीवर बसवलं. बायको स्वयंपाकघरात चहा टाकत होती, आणि खिडकी उघडी होती.

मॅनेजरने वजनं कुठायत असं विचारलं. तुम्ही त्यांच्यावरच बसलाय, असं उस्तादाने सांगितलं. मॅनेजरने वाकून खाली बघितलं, खांबाला हलवून बघितलं आणि कपाळाला हात लावला. पण तो मुरलेला गडी होता. वजनांचं जाऊ द्या, वाळूच्या पिशव्या वापरू, तुम्ही चला, असं म्हणून त्याने नव्या नाटकाची गोष्ट काढली. रेल्वे स्टेशनचा सेट होता. दुसऱ्या अंकात धुक्यातून अख्खं इंजिन फलाटावर यायचं होतं.

"अख्खं?" उस्ताद पुढे सरकला. "नुसतं तोंड की मागची चाकंही?"

चाकंही, मॅनेजर म्हणाला, आणि ती फिरणार. उस्तादाचे डोळे चमकले. खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला. उस्ताद हातवारे करत सांगू लागला की इंजिन रुळांवर चालवूच नका, चाकं खोटी फिरू देत, खाली गुपचूप रबरी चाकं घाला, आणि धूर आधी सोडा म्हणजे धक्का कोणाला दिसणार नाही. मॅनेजर खूश होऊन म्हणाला, मग बॅग घ्या आणि बसा ट्रकमध्ये.

उस्ताद मागे टेकला. इंजिन त्याला हवं होतं. तसलं इंजिन करायचं त्याच्या मनात कितीतरी वर्षं होतं, आणि ते दुसरंच कोणी करणार हे त्याला गिळवेना. त्याने एकवार खिडकीकडे बघितलं.

"इंजिन करणाऱ्याला माझ्याकडे पाठवा," तो म्हणाला. "इथे बसून शिकवतो. चाकं चुकली तर माझं नाव बदला. पण ट्रकमध्ये मी चढत नाही."

मॅनेजरने आणखी दोनदा बोलून पाहिलं, आणि मग त्याचंही आयुष्य रिकाम्या खुर्च्यांसमोर गेलेलं असल्याने प्रयोग कधी संपतो हे त्याला कळलं. चहा पिऊन, खोट्या सावलीचं कौतुक करून तो गेला. ट्रक कोपऱ्यावर वळेपर्यंत आवाज येत होता.

मग बायको आपला कप घेऊन बाहेर आली. पायरीपाशी ती थांबली नाही. गवतातून चालत ती गझीबोच्या खांबापाशी आली, कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी खांबाला धक्का दिला. खांब हलला नाही. तिने खांदा लावून पुन्हा धक्का दिला. सगळा जन्म रोपं उपटण्यात आणि लावण्यात गेलेला असल्यामुळे तिच्या धक्क्यात जोर होता.

"हा काढायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

उस्तादाने वर छपराकडे बघितलं, ठोकलेल्या पिनांकडे बघितलं, आणि शेवटी खाली गवताकडे, जिथे तिने सोललेलं गवत परत बसवून पाणी घातलं होतं.

"मला येत नाही," तो म्हणाला. एखादी गोष्ट आपल्याला येत नाही, हे त्याने जन्मात पहिल्यांदाच, आणि तेही छाती पुढे काढून सांगितलं.

बायकोने कप उचलला आणि ती आत येऊन त्याच्या शेजारी बसली.